ट्रम्पेटच्या वाटेवर वऱ्हाड

अकोल्याच्या जुन्या शहरात एका बँडपार्टीची खोली आहे. लग्नसराईत तिथं पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात मात्र शटर अर्धं खाली ओढलेलं, भिंतीवर लाल-पिवळे कोट टांगलेले आणि कोपऱ्यात ढोल एकावर एक रचलेले. श्रावणातल्या एका दुपारी मी तिथं गेलो तेव्हा साठीच्या घरातला एक ट्रम्पेटवाला वाद्य खोलून बसला होता. तिन्ही पिस्टन वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले. एकेक उचलायचा, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचा, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि ज्या घरातला त्याच घरात फिरवून बसवायचा. पिस्टनांची अदलाबदल झाली तर फुंकर आतच अडते. वाद्य मेरठचं होतं. तिथली नादिर अली कंपनी 1885 पासून बँडची पितळी वाद्यं घडवते आहे.

सगळं जागच्या जागी बसल्यावर त्यानं ट्रम्पेट ओठाला लावलं आणि ‘अलबेला’तल्या ‘शोला जो भडके’ची चाल काढली. एका जागी त्यानं सूर सरळ लावला नाही. खालून ओढत, किंचित वाकवत वर नेला. पेटीवर हे होत नाही. मींडेच्या जवळचं, पण मींड नव्हे. हे कुठं शिकलात, असं मी विचारलं.

“आमच्या बुढ्यानं शिकवलं, भाऊ. बुढ्याले त्याच्या उस्तादानं. अन् उस्ताद म्हने रेकॉर्ड ऐकू ऐकू शिकला.”

त्या रेकॉर्डच्या मागं जावं असं मला तेव्हापासून वाटत होतं.

त्याआधी काही दिवस मी एक इंग्रजी मालिका पाहिली होती. स्टीफन पोलियाकॉफ यांनी लिहून दिग्दर्शित केलेली ‘डान्सिंग ऑन द एज’ 2013 साली बीबीसी टूवर दाखवली गेली. काळ 1930 च्या दशकातला, शहर लंडन. लुई लेस्टर नावाचा कृष्णवर्णीय पियानोवादक आणि त्याचा जॅझ बँड एका मोठ्या हॉटेलात वाजवू लागतो. उमराव, धनिक, खुद्द राजपुत्र त्यांच्या मैफलींना येतात, त्यांना घरी बोलावतात. पुढं बँडमधल्या गायिकेवर प्राणघातक हल्ला होतो, संशय लुईवर येतो आणि कालपर्यंत खांद्यावर हात टाकणारे एकेक करून दूर होतात. चुवेटेल इजिओफॉरनं हा लुई साकारला आहे. लुई काल्पनिक असला तरी भोवतालचं जग खरं आहे. ड्यूक एलिंग्टन 1933 साली बँड घेऊन लंडनला गेले तेव्हा लॉर्ड बीव्हरब्रूक यांच्या मेजवानीत राजघराण्यातली माणसं त्यांच्याभोवती जमली. त्याच शहरात त्यांच्या वादकांना राहायला खोल्या मिळताना मात्र मारामार झाली.

मालिका पाहताना मला सारखा मुंबईचा ताज दिसत होता.

1935 साली लिऑन ॲबी हे व्हायोलिनवादक आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात दाखल झाले. त्यांच्यामागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आले, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड शिकागोत नाव कमावून 1926 मध्येच आशियाच्या वाटेला लागले होते. शांघाय गाजवून मुंबईला आले, पुढं कलकत्त्यात राहिले आणि तिथंच 1945 साली पटकीनं गेले. अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांना गोऱ्यांच्या डब्यात बसता आलं नसतं. मुंबईत त्यांच्यासमोर महाराजे, पारशी गिरणीमालक आणि गोरे अधिकारी जोडीनं नाचत होते. 1936 साली क्रिकेट स्मिथ यांच्या बँडनं मुंबईत ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ ही चीज ध्वनिमुद्रित केली. चाल मेना सायलस यांची, मुंबईतल्या बगदादी ज्यू समाजातल्या संगीतकाराची. याच नावानं नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझयुगाचा इतिहास लिहिला आहे आणि तो मराठीजनांनी वाचायलाच हवा.

त्याच 1936 साली इंग्रज आणि निजाम यांच्यात वऱ्हाडाबाबत नवा करार झाला आणि निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. वऱ्हाडचे युवराज झालेल्या या आझम जाह यांचं लग्न 1931 साली फ्रान्समधल्या नीस शहरी, शेवटच्या उस्मानी खलिफाच्या मुलीशी झालं होतं. म्हणजे त्या झगमगत्या जगात वऱ्हाडचं नाव होतं. वऱ्हाडचा माणूस नव्हता. पण त्याचा कापूस होता, आणि मला या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा धागा तोच वाटतो.

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेच्या राज्यांतला कापूस बंदरातच अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या भुकेल्या झाल्या. तो कापूस तोवर वेचला होता गुलामांनी. त्याची जागा भरायला इंग्रजांनी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडं पाहिलं. रेल्वे आली. खामगावची शाखा लाइन 1870 साली सुरू झाली तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आले. अकोला, अमरावती, खामगावच्या बाजारात सरकी निघालेल्या रुईचे गठ्ठे बांधले जाऊन मुंबईला जाऊ लागले आणि त्या व्यवहारावर मुंबईत जी घराणी उभी राहिली, त्यांच्याच नातवंडांच्या पिढीनं ताजमध्ये फॉक्सट्रॉट नाचला. ज्या समाजानं जॅझ आणि ब्लूज घडवलं त्याच्या कितीतरी पिढ्या कापसाच्या वावरात राबल्या. आमच्याही राबल्या, अजून राबताहेत. ताजच्या त्या दालनात स्टेजवर अमेरिकेच्या कापूस वेचणाऱ्यांचे वारस होते, आणि नाचणाऱ्यांच्या खिशात वऱ्हाडच्या कापसाचा पैसा होता. आमचा वेचणारा तेवढा शेतात राहिला.

हे नातं आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी फार आधी ओळखलं होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. कृष्णवर्णीयांची वस्ती असलेलं हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. 1927 च्या नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीला आले होते ते अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून भरलेल्या परिषदेसाठी. त्या काळी गावोगाव ज्यांच्या वाजंत्रीशिवाय देवाची पालखी हलत नव्हती, त्यांनाच उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची बंदी होती. वाजवणाऱ्याची कला हवी, तो स्वतः नको. हा प्रकार समजायला वऱ्हाडातल्या माणसाला लंडनची मालिका लागू नये.

ताजमधलं संगीत रस्त्यावर आलं ते गोव्याच्या वादकांमुळं. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून पोरांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवलं जाई. लिहिलेला सूर पाहताक्षणी वाजवणारी ही मुलं पोटामागं मुंबईला आली आणि अमेरिकन वादकांच्या संगतीत त्यांना जॅझ गवसलं. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाले. हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग अशी त्यांची ख्याती. पारशी सॅक्सोफोनवादक कावसजी खटाव यांनी नाव घेतलं रूडी कॉटन! या नावापाशी मी वऱ्हाडी माणूस म्हणून थबकलो. मिकी कोरिया 1939 पासून दोन दशकांहून अधिक काळ ताजच्या बँडचे प्रमुख होते. स्वातंत्र्यानंतर गोरं गिऱ्हाईक गेलं, संस्थानं गेली, मुंबई प्रांतात दारूबंदी आली आणि हॉटेलांच्या रात्री फिक्या पडल्या. वादक दादर-ताडदेवच्या ध्वनिमुद्रणगृहांकडं वळले. तिथं संगीतकार चाल गाऊन दाखवायचे. ती तीस-चाळीस वाद्यांसाठी कागदावर उतरवायला स्वरलेखन जाणणारा लागायचा. ते काम गोवेकरांनी केलं.

आणि इथं आपला माणूस येतो.

भगवान आबाजी पालव, म्हणजे भगवानदादा, 1913 साली अमरावतीला जन्मले. वडील गिरणी कामगार. वाढले मुंबईत, दादर-परळच्या गिरणगावात, म्हणजे कापसाचा धागा तिथंही सुटला नाही. कुस्तीची आवड, मूकपटांपासून काम, मग स्वस्तातले मारधाडीचे चित्रपट. त्यांचे मित्र रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, पुणतांब्याचे. संगीताचे धडे त्यांनी नागपूरला शंकरराव सप्रे गुरुजींकडं घेतले. सप्रे गुरुजींच्याच हाताखाली मूर्तिजापुरात जन्मलेले वसंतराव देशपांडे शिकले, हे मी मुद्दाम नोंदवतो. एकाच गुरूच्या अंगणातून एक जण नाट्यसंगीत आणि ख्यालाकडं गेला, दुसरा थेट रुंबा-स्विंगकडं, आणि दोघांनीही सुराशी इमान सोडलं नाही. सी. रामचंद्रांना स्वतंत्र संगीताची सुरुवातीची कामं भगवानदादांच्या तमिळ चित्रपटांतून मिळाली. पुढं ‘समाधी’ (1950) मधल्या ‘गोरे गोरे’च्या मुळाशी एडमुंडो रॉस यांनी वाजवलेली चाल असल्याचं जाणकार सांगतात. रॉस त्रिनिदादचे, कृष्णवर्णीय वंशाचे, आणि लंडनच्या उच्चभ्रू क्लबांचे लाडके बँडप्रमुख. लुई लेस्टरची दुनिया अशी थेट मराठी संगीतकाराच्या पेटीपर्यंत पोचली होती.

1951 साली ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक, नायक भगवानदादा, नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र, वाद्यमेळात चिक चॉकलेट आणि त्यांचे सोबती. एका गाण्यात तर चिक आपल्या वादकांसह पडद्यावरच येतात, झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून. हे दृश्य मी कितीदा पाहिलं असेल! कथा गरीब घरातल्या पोराची आहे, ज्याला नाटकात नाव काढायचंय. समोर नाचतो अमरावतीत जन्मलेला गिरणी कामगाराचा मुलगा, मागं फुंकतो हळदोण्याचा वाझ, आणि त्याच्या फुंकेत क्रिकेट स्मिथ आणि वेदरफर्ड यांच्या संगतीतून आलेली ती वाकवणी आहे. भगवानदादांचा नाच तर बघा. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. खांदे सैल, हात कमरेच्या जरा वर, पावलं जागच्या जागी. गर्दीतही नाचता येईल असा नाच. म्हणूनच तो गणपतीच्या मिरवणुकीत आणि नवरदेवाच्या घोड्यापुढं टिकला.

वऱ्हाड म्हणजे लग्नाची मंडळीही. दोन्ही अर्थांच्या वऱ्हाडात ‘अलबेला’ अजून वाजतो. संदल आणि डीजेच्या दणक्यात बँडवाल्यांची कामं घटली आहेत, तरी नवरदेव मांडवापाशी आला की म्हातारी माणसं हटकून जुनं वाजवायला सांगतात.

भगवानदादांवर ‘एक अलबेला’ (2016) हा चित्रपट निघाला, वसंतरावांवर ‘मी वसंतराव’ (2022). दोन्ही चांगल्या हेतूनं केलेले. गोव्यानं ‘नाचुंया कुंपासार’ या कोंकणी चित्रपटातून आपल्या जॅझवाल्यांचं ऋण मानलं. पण ताजच्या त्या बँडवर, त्यांच्याकडून शिकलेल्या पोरांवर, गिरणगावातून पडद्यावर आणि पडद्यावरून अकोल्याच्या गल्लीत गेलेल्या त्या सुरावर मोठी मालिका अजून कोणी केलेली नाही. ती मराठीत व्हावी असं मला मनापासून वाटतं. तिच्यात झुंबरं असावीत, पण नोकरांचा मागचा जिनाही असावा. कापसाची गाडी असावी. आणि वाजवणाऱ्यांची नावं असावीत. त्या काळच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत संगीतकार असे, गीतकार असे. चाळीस वादक बहुधा नसत. भगवानदादा 2002 साली दादरच्या चाळीत गेले, तेव्हा निदान त्यांचं नाव लोकांच्या ओठी होतं. त्यांच्या मागं उभं राहून फुंकणाऱ्या कितीतरी जणांचं तेवढंही राहिलं नाही.

परवा मी पुन्हा त्या खोलीवर गेलो आणि मोबाइलवर ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ लावलं. 1936 ची खरखर, मागून कॉर्नेट. त्यानं डोळे मिटले. उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलू लागली, पिस्टन दाबावेत तशी. एका जागी तो हसला.

“इथं त्यानं बी वाकवला, भाऊ.”

मग विचारलं, “नाव काय म्हने याचं?”

मी सांगितलं. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं, “किरकेट स्मिथ, किरकेट स्मिथ,” आणि म्हणाला, “आणखी एकदा लावा.”