मरिना घ्यावी का?

आंब्याच्या पेट्या, आई-बाबा, दोन बॅगा आणि समोर आंबा घाट. रत्नागिरी-कोल्हापूर असा वीकेंड ठरला की हॅचबॅक कमी पडते आणि एसयूव्ही बजेटबाहेर! मग सेकंडहँड टाटा इंडिगो मरिनाकडे नजर जातेच. 2004 मध्ये आलेली ही स्टेशन वॅगन आपल्याकडे फारशी चालली नाही; लोकांना डिकी बाहेर आलेलीच ‘मोठी गाडी’ हवी होती. उत्पादन केव्हाच बंद, म्हणून भाव कमी. जागा मात्र मस्त. मागची सीट पाडा, पेट्याच पेट्या.

पण जपून हं! इथली खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा खातो. रंगावर भाळू नका, गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. इंजिन इंडिकाच्याच घरातलं, मेकॅनिक बिचकत नाही. मागचा दरवाजा आणि टेललॅम्प मात्र खास मरिनाचे, शोधत फिरावं लागतं. शिवाय 15 वर्षांनंतर आरटीओत तपासणी होऊन नोंदणी 5 वर्षांपुरतीच वाढते, वर पर्यावरण कर.

मी पाहिलेली गाडी कित्येक पावसाळे समुद्राकाठी उभी होती. मॅट उचललं, तर खाली जमीन दिसली. बाबा म्हणाले, “चल, पेट्या एसटीनेच पाठवू.”