देश कशानं बनतो? दादरची दोन घरं आणि रशियाचा एक शब्द

दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत 'राजगृह' आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर. तिथून टिळक पुलावरून पश्चिमेला शिवाजी पार्ककडे गेलात की 'सावरकर सदन' लागतं. चालत जाण्याएवढं अंतर. पण 'देश कशानं बनतो?' या प्रश्नाची या दोन घरांतली उत्तरं एकमेकांपासून खूप लांब होती.

आधी जरा रशियात जाऊ. 2023 च्या परराष्ट्र धोरणात रशियानं स्वतःला 'सिव्हिलायझेशन स्टेट' म्हटलंय. म्हणजे आम्ही नुसता देश नाही, एक अख्खी संस्कृती आहोत. हा विचार जुना आहे. 1869 मध्ये निकोलाय डॅनिलेव्हस्कीनं मांडलं की सगळ्या जगाची शिडी एकच नसते. प्रत्येक संस्कृती आपापली वाढते. युरोप वेगळा, स्लाव्ह वेगळे. त्याच्या यादीत भारतसुद्धा होता!

ऐकायला बरं वाटतं ना? 'तुम्ही मागासलेले' असं कायम ऐकणाऱ्याला तर फारच. पण मेख इथेच आहे: त्या संस्कृतीची हद्द कोण ठरवणार? 2021 मध्ये पुतिन यांनी लेख लिहिला, की रशियन आणि युक्रेनियन एकच लोक आहेत. पुढच्या फेब्रुवारीत रणगाडे घुसले. 'तुम्ही आमचेच' हे युक्रेनच्या लोकांना विचारून ठरलं नव्हतं.

आता परत दादरला. सावरकरांचं 'हिंदुत्व' हे पुस्तक 1923 चं. त्यांची कसोटी अशी: सिंधू नदीपासून समुद्रापर्यंतची भूमी ज्याची पितृभू आणि पुण्यभूही, तो हिंदू. त्यांच्या लेखी हिंदू हेच राष्ट्र. मग इथे पिढ्यानपिढ्या राहिलेला मुसलमान किंवा ख्रिश्चन? पितृभू इथली, पण पुण्यभू बाहेरची, म्हणून तो कसोटीत बसत नाही.

बाबासाहेबांनी भारताची सांस्कृतिक एकता नाकारली नाही. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीवरच्या निबंधात ती त्यांनी ठामपणे सांगितली. पण तेवढ्यानं भागतं का? 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत त्यांनी विचारलं, हजारो जातींत वाटलेले लोक एक राष्ट्र कसे होणार? जात राष्ट्रविरोधी आहे, असं ते म्हणाले. बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य वरच्या रंगासारखं राहील, हाही इशारा दिला.

सोपं करून सांगायचं तर देवळं, सण, गोष्टी सारख्या असतील, पण एकाच विहिरीवर पाणी भरता येत नसेल, तर ते राष्ट्र अजून बनायचंय.

म्हणून यापुढे कोणी 'आपली महान संस्कृती' म्हणालं, रशियात असो वा आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तर दोन प्रश्न विचारा. हद्द कोणी आखली? आणि आतल्यांना सारखा मान आहे का? उत्तर काय मिळालं ते आम्हालाही कळवा. भेटूया पुढच्या भागात!