तांबं घाटावर, मासळीही घाटावर

वरळी कोळीवाड्यातल्या जुन्या घरांत मांडणीवर तांब्या-पितळेची भांडी अजून ओळीनं लावलेली दिसतात. सण आला की ती खाली उतरतात, चिंचेनं घासली जातात आणि लखलखीत होऊन परत वर जातात. दाराबाहेर उन्हात मासळी सुकत असते. आत तांबं, बाहेर समुद्राची मासळी. नेमक्या याच दोन गोष्टी पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या मातीत सुमारे तीन हजार वर्षं शेजारी शेजारी पडून होत्या.

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. समुद्र तिथून दीडशे किलोमीटरहून लांब, आणि मध्ये सह्याद्री. तरीही डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं, तेव्हा तांब्याच्या वस्तूंसोबत समुद्रातल्या माशांचे आणि शंखांचे अवशेषही मिळाले. तांबं इथलं नव्हतं, मासे इथले नव्हते. दोन्ही कोणीतरी आणले होते. कोणी आणि कसे, यावरून बरेच गैरसमज पसरले आहेत. त्यातले पाच इथे तपासून पाहू.

गैरसमज 1 : महाराष्ट्रात सापडलेलं प्राचीन तांबं इथल्याच डोंगरांतून काढलेलं होतं.

वस्तुस्थिती : सह्याद्री आणि दख्खनचं पठार लाव्हा थिजून झालेल्या काळ्या बेसॉल्टचं आहे. या खडकात खाण चालवण्याजोगं तांबं मिळत नाही. राज्यात तांब्याचे साठे आहेत, पण ते पूर्व टोकाला, विदर्भात. प्रवरा, घोड आणि भीमेच्या खोऱ्यांतल्या ताम्रपाषाणयुगीन गावांना तांबं राजस्थानातून किंवा गुजरातमधून मिळत असावं, असं अभ्यासक मानतात. राजस्थानात खेत्रीच्या तांबेपट्ट्याजवळ, सीकर जिल्ह्यातल्या गणेश्वर इथे तांब्याच्या हजाराहून अधिक वस्तू सापडल्या. बाणांची टोकं, मासे धरायचे गळ, कुऱ्हाडी असा तो ऐवज आहे. एवढा माल एका गावाच्या गरजेपुरता नसतो. तो बाहेर पाठवण्यासाठी घडवला जात होता.

गैरसमज 2 : ताम्रयुग म्हणजे घरोघरी तांबं.

वस्तुस्थिती : या काळाचं नाव ताम्रपाषाणयुग आहे. यातला ‘पाषाण’ महत्त्वाचा. रोजची कापाकापी गारगोटीसारख्या दगडाच्या धारदार पात्यांनीच चाले. तांबं दुर्मीळ होतं. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात सांकळिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 मध्ये उत्खनन केलं, तेव्हा तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. संख्या किती? सहा. सोबत एक बांगडी. याच गावाच्या नावानं ‘जोर्वे संस्कृती’ ओळखली जाते.

तांब्याची किंमत समजून घ्यायची तर नेवाशाला जायला हवं. तिथे पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याला चढलेल्या हिरव्या गंजामुळे मण्यांच्या आतलं सूतही पूर्ण कुजलं नाही. शेकडो कोस लांबून आलेला धातू, त्याचे बारीक मणी आणि ते मातीआड जाणाऱ्या लेकराच्या गळ्यात. त्या घरानं आपल्याजवळचं मोलाचं तेच दिलं होतं.

गैरसमज 3 : एवढ्या लांबचा व्यापार करायला राजा, सैन्य आणि मोठे तांडे हवेतच.

वस्तुस्थिती : एका माणसानं खेत्रीपासून इनामगावपर्यंत चालण्याची गरजच नव्हती. एक गाव दुसऱ्याला देई, दुसरं तिसऱ्याला. दर टप्प्यावर मालाचे हात बदलत आणि मोबदल्याची वस्तूही बदले. कुठे धान्य, कुठे जनावर, कुठे अकीकाचे मणी, कुठे शंख. इनामगावकरांकडे सोनं आणि हस्तिदंत दक्षिणेकडून येत असावं, असंही ढवळीकरांनी मांडलं आहे.

मासळीचं गणित कोळीवाड्यात कोणालाही विचारा. बर्फाशिवाय ताजी मासळी घाट चढेपर्यंत टिकत नाही. पण सुकवलेली, खारवलेली मासळी आठवडेच्या आठवडे टिकते, वजनाला हलकी होते आणि घाटमाथ्यावर तिला मागणी असते. इनामगावला पोहोचलेली समुद्राची मासळी याच रीतीनं गेली असणार. पाटीभर सुकट डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या कोळणीला ‘दूरचा व्यापार’ हा शब्द शिकवावा लागत नाही.

गैरसमज 4 : त्या काळी माणसं खुला समुद्र ओलांडत नसत.

वस्तुस्थिती : इसवी सनापूर्वी 2300 च्या आसपास, आजच्या इराकमधल्या अक्कडचा राजा सारगोन आपल्या लेखात अभिमानानं सांगतो की मेलुहा, मगान आणि दिल्मुनची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, मगान म्हणजे मुख्यतः ओमान आणि दिल्मुन म्हणजे बहारीन, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात. मगानची ख्यातीच तांब्याची. ओमानच्या डोंगरांत धातू गाळल्यावर उरलेल्या मळीचे ढीग आजही आहेत. ओमानच्या पूर्व टोकाला, रास अल-जिन्झ इथे सिंधू संस्कृतीची भांडी मिळाली आणि बोटींच्या सांध्यांना लावलेल्या डांबराचे तुकडेही. त्या तुकड्यांवर वेत-बोरूच्या जुडग्यांचे ठसे आहेत आणि समुद्रात बोटीला चिकटणारे शिंपले आहेत. बोट वर ओढून तिच्या बुडाचे शिंपले खरवडणाऱ्याला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-पुस्तिकेत आपल्या किनाऱ्यावरच्या सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांची नावं येतात. भडोचला तांबं उतरतं आणि भडोचहून इराणी आखाताकडे तांबं नि सागवान जातं, अशा दोन्ही नोंदी त्यात आहेत. मुंबईचा समुद्र इंग्रजांनी जागा केला, हे खरं नाही. वरळीचा किल्ला सतराव्या शतकातला. या किनाऱ्यावरची वाहतूक त्याच्या कितीतरी आधीची.

गैरसमज 5 : प्राचीन खाणींतून निघालेलं तांबं ‘गायब’ आहे, म्हणजे ते कोणा अज्ञात प्रगत लोकांनी नेलं.

वस्तुस्थिती : हा दावा विशेषतः अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराकाठच्या खाणींबद्दल केला जातो. तिथे जवळजवळ शुद्ध तांबं खडकातच मिळतं. तिथल्या मूलनिवासींच्या पूर्वजांनी ते दगडी हातोड्यांनी फोडलं, तापवून ठोकलं आणि त्याची पाती नि दागिने घडवले. त्या वस्तू त्यांच्याच भूमीत सापडतात. ब्रिटनमध्ये वेल्सच्या ग्रेट ऑर्म डोंगरातली ताम्रखाणही कांस्ययुगातच दगडी हातोडे आणि हाडांच्या अवजारांनी खणली गेली. मेहनत अफाट होती, पण ती माणसांचीच होती.

मग उरलेलं तांबं गेलं कुठे? उत्तर आपल्या घरात आहे. फुटका हंडा आपण फेकत नाही, मोडीत देतो. तो वितळतो आणि नवं भांडं होतं. प्राचीन काळी जिथे तांबं दुर्मीळ होतं, तिथे तर कणही वाया जात नसे. म्हणून उत्खननात सापडतं ते हरवलेलं, पुरलेलं किंवा बुडालेलं तांबं. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुनला इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरीस एक जहाज बुडालं. 1982 मध्ये एका पाणबुड्याला ते दिसलं. त्यात सुमारे दहा टन तांब्याच्या लाद्या होत्या. तपासणीत ते तांबं सायप्रसचं ठरलं. जहाज बुडालं नसतं, तर त्याचीही भांडी नि तलवारी झाल्या असत्या आणि आज तेही ‘गायब’ म्हटलं गेलं असतं.

प्रत्येक कोडं सुटलेलं आहे, असं मात्र नाही. 1974 मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला जमिनीत चार कांस्यमूर्ती मिळाल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. एकत्र वजन साठ किलोंहून जास्त. त्या उत्तर हडप्पाकालीन मानल्या जातात, पण पुरातत्त्वज्ञांच्या खणण्यातून निघाल्या नसल्यानं त्यांच्या काळाविषयी मतभेद आहेत. मतभेद मान्य करणं हाच अभ्यास. उत्तर नाही म्हणून परग्रहवासी आणणं हा अभ्यास नव्हे.

मुलांना घेऊन काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एकदा जा आणि हडप्पाकाळच्या दालनात थोडं थांबा. घरी परतल्यावर मांडणीवरचा हंडा त्यांच्या हातात द्या आणि सांगा, हे तांबं आपल्या मुलखात माणसांनी आणलं. चालत आणलं, बोटीनं आणलं, आणि त्याच वाटांनी आपल्या किनाऱ्याची मासळी घाटावर गेली.