भिलाई परिसरातील डोंगरवाटा आणि त्यांचे राखणदार

भिलाई म्हटले की पोलाद कारखान्याची धुराडी डोळ्यांसमोर येतात. भारत आणि तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये झालेल्या करारानुसार हा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भिलाई शहर शिवनाथ नदीच्या खोऱ्यात, भातशेतीच्या सपाट प्रदेशात वसले आहे. मात्र या मैदानाच्या तीन बाजूंना डोंगर आणि घनदाट जंगले असून, तेथील पायवाटा आणि धबधबे भटकंतीची आवड असणाऱ्यांना खुणावत असतात. या वाटा कोठे आहेत, त्या कोणी घडवल्या आणि त्यांवरून चालताना कोणते भान ठेवावे, याचा हा आढावा.

डोंगरांचे तीन पट्टे

भिलाईच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटर अंतरावर, बालोद जिल्ह्यात दल्ली-राजहराचे डोंगर आहेत. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारे लोहखनिज दशकानुदशके येथूनच आले. खाणकामामुळे या डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला आहे. येथील साठा कमी होऊ लागल्याने आणखी दक्षिणेकडील रावघाटच्या डोंगरांपर्यंत ९५ किलोमीटरचा लोहमार्ग नेण्याचे काम हाती घेण्यात आले. पोलाद आणि जंगल ही दोन्ही या प्रदेशाची संपत्ती एकाच डोंगररांगांत सामावलेली आहे.

दुसरा पट्टा वायव्येकडील मैकल रांगेचा. कबीरधाम जिल्ह्यातील प्राचीन भोरमदेव मंदिर याच डोंगरांच्या पायथ्याशी आहे. मंदिरालगतच्या जंगलाला २००१ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. हे जंगल मध्य प्रदेशातील कान्हा राष्ट्रीय उद्यानाशी जोडलेले असल्याने वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्याच्या दृष्टीने त्याला विशेष महत्त्व आहे. साल, साजा आणि बांबू यांच्या सावलीतील वाटा आणि राणीदहरासारखे धबधबे ही या भागाची ओळख आहे.

तिसरा पट्टा मराठी वाचकांच्या अधिक जवळचा आहे. दुर्गहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर प्रथम डोंगरगड लागते. तेथील बम्लेश्वरी देवीचे मंदिर सुमारे १६०० फूट उंच डोंगरावर असून, हजाराहून अधिक पायऱ्या चढून भाविक तेथे पोहोचतात. रज्जुमार्गाचीही सोय आहे. पुढे राज्याची सीमा ओलांडताच गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्याचे जंगल सुरू होते. दरेकसा स्थानकाजवळचा हाजरा धबधबा पावसाळ्यात रेल्वेगाडीतूनही नजरेस पडतो. याच परिसरात कचारगडच्या विशाल गुंफा आहेत. गोंड समाजाच्या श्रद्धेनुसार हे त्यांच्या धर्मपरंपरेचे उगमस्थान असून, माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतील भाविक धनेगावहून जंगलातील चढण चढून येथे येतात.

सह्याद्रीपेक्षा वेगळा अनुभव

सह्याद्रीत भटकणाऱ्याला गडाची वाट परिचयाची असते. बेसाल्टचे कडे, कोरीव पायऱ्या आणि माथ्यावर तटबंदी असे तिचे स्वरूप असते. छत्तीसगडमधील डोंगरवाटा निराळ्या कारणांनी पडल्या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जाणारी कुटुंबे, त्यानंतर तेंदूपत्ता आणि सालबिया गोळा करणारे मजूर, आठवडी हाटाला निघालेले गावकरी आणि देवस्थानाकडे जाणारे भाविक यांच्या पावलांनी त्या मळल्या आहेत. म्हणूनच येथील वाट माथ्यावर न जाता मध्येच एखाद्या झऱ्याकडे किंवा मोहाच्या झाडाकडे वळते आणि नवख्या माणसाला चकवते. गावातील वाटाड्या सोबत घेणे हा येथे सुरक्षिततेचा पहिला नियम ठरतो.

धबधबे कसे घडले?

या प्रदेशातील सर्वांत प्रसिद्ध धबधबे भिलाईहून बरेच दूर, बस्तरमध्ये आहेत. इंद्रावती नदीवरील चित्रकोट धबधबा सुमारे २९ मीटर उंचीवरून कोसळतो आणि पावसाळ्यात नालेच्या आकारात पसरतो. कांगेर खोऱ्यातील तीरथगड धबधबा टप्प्याटप्प्याने खाली उतरतो. बस्तरच्या या भागात वालुकाश्म, चुनखडी आणि मातीखडक यांचे जवळजवळ आडवे थर आहेत. अशा प्रदेशात वाहते पाणी मऊ थर लवकर झिजवते, तर कठीण थर अधिक काळ टिकून राहतो. कठीण थराखालील आधार नाहीसा झाला की त्याचा कडा तुटतो आणि धबधबा हळूहळू मागे सरकतो. पाण्यात विरघळणाऱ्या चुनखडीमुळे येथे कोटुमसरसारख्या गुहाही तयार झाल्या. पावसाळ्यात पाणी भरत असल्याने ही गुहा त्या काळात पर्यटकांसाठी बंद ठेवली जाते.

यावरून एक व्यावहारिक बोधही घेता येतो. कड्याच्या टोकाचा खडक दिसतो तितका भक्कम असेलच असे नाही, कारण त्याचा पायाच पोखरलेला असू शकतो. शिवाय डोंगरमाथ्यावर झालेल्या पावसाने खालच्या डोहातील पाणी अचानक वाढते. त्यामुळे पावसाळ्यात काठावर उभे राहणे किंवा डोहात उतरणे कटाक्षाने टाळावे.

केव्हा जावे, काय टाळावे

ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चालण्यास सर्वांत योग्य असतो. तेव्हा धबधब्यांना पाणी असते आणि वाटाही कोरड्या झालेल्या असतात. संरक्षित क्षेत्रांतील अनेक मार्ग पावसाळ्यात बंद असल्याने आधी वन विभागाकडे चौकशी करावी. मोहफुलांच्या हंगामात अस्वलेही त्याच झाडांखाली येतात. अशा वेळी पहाटे व संध्याकाळी एकट्याने जंगलात फिरणे धोक्याचे असते. अलीकडच्या वर्षांत बालोद आणि धमतरीच्या जंगलांतही हत्तींचा वावर नोंदला गेला आहे. गावकरी एखाद्या वाटेने जाऊ नका असे सांगत असतील, तर तो सल्ला निमूटपणे मानावा.

बस्तरच्या अंतर्भागातील अनेक वाटा माओवादी हिंसाचारामुळे दीर्घकाळ बाहेरच्यांसाठी जवळपास बंदच होत्या. तेथे जाण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाकडून ताजी माहिती घेणे आवश्यक आहे.

वाट कोणाची?

पर्यटक वाढले की वाहनतळ, दुकाने आणि सिमेंटच्या पायऱ्या येतात. या बदलाचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा खरा प्रश्न आहे. बाहेरचा ठेकेदार प्रवेशशुल्क घेतो आणि प्लास्टिक उचलणे मात्र गावाच्या वाट्याला येते, असे झाल्यास जंगल राखण्यात गावाला स्वारस्य उरत नाही. वनहक्क कायदा २००६ नुसार ग्रामसभेला आपल्या पारंपरिक जंगलाचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क मिळू शकतो. कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानातील गुडियापदर गावाला २०२२ मध्ये असा हक्क मिळाला. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असा हक्क मान्य होण्याची उदाहरणे देशात मोजकीच आहेत.

याच उद्यानातील धुडमारास गावाने आणखी एक मार्ग दाखवला आहे. तेथील तरुण पाहुण्यांची राहण्याची व्यवस्था करतात, त्यांना कांगेर नदीत बांबूच्या तराफ्यातून फिरवतात आणि जंगलाची ओळख करून देतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने २०२४ मध्ये उत्कृष्ट पर्यटन गावांसाठीच्या आपल्या उन्नयन कार्यक्रमात या गावाची निवड केली. २०२५ मध्ये कांगेर खोऱ्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला. आता येथे पाहुण्यांची संख्या वाढणे स्वाभाविक असून, त्यांचे नियमन कोण करणार हा प्रश्नही अधिक महत्त्वाचा ठरणार आहे.

भिलाईहून निघणाऱ्या पदभ्रमणकर्त्याला यात थोडा वाटा उचलता येईल. गावातील वाटाड्याला योग्य मोबदला द्यावा, जेवण गावातच घ्यावे, देवस्थानी तेथील रीत पाळावी आणि आपला कचरा आपणच परत आणावा. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालची जागा झाडून ठेवलेली दिसली, तर ती ओलांडू नये. ती कोणाच्या तरी वर्षभराच्या मिळकतीची जागा असते. वाट जपणारी माणसे टिकली, तरच डोंगरवाटाही टिकतील.