टेबल व्हायच्या आधी ते तारू होतं

अमेरिकेचे अध्यक्ष ज्या टेबलावर सह्या ठोकतात, त्याचं लाकूड एका ब्रिटिश जहाजाचं आहे. एच.एम.एस. रेझोल्यूट उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकलं आणि १८५४ मध्ये खलाशी ते तिथेच सोडून परतले. पुढच्या वर्षी ते देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या एका अमेरिकन जहाजाला सापडलं. तोवर बिनमाणसांचं ते जहाज सुमारे १९०० किलोमीटर वाहत आलं होतं! अमेरिकी काँग्रेसने ४०,००० डॉलर मोजून ते घेतलं, डागडुजी केली आणि राणी व्हिक्टोरियाला परत धाडलं. १८७९ मध्ये ते मोडीत निघाल्यावर राणीने त्याच्या ओकचं टेबल घडवून घेतलं आणि १८८० मध्ये अध्यक्ष हेज यांना पाठवलं. आहेराला परतीचा आहेर.

या टेबलाखालचं दार मात्र नंतरचं. पोलिओमुळे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट पायांना लोखंडी पट्टे बांधत. ते समोरच्याला दिसू नयेत म्हणून त्यांनी ही फळी सांगितली, पण ती बसली १९४५ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. पुढे १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडींचा छोटा मुलगा त्याच दारातून डोकावला आणि तो फोटो जगभर गेला. लाज झाकायला केलेल्या फळीने लपंडावाची सोय केली.

जहाजाची खुर्ची करायची हौस त्याहून जुनी. पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेलं इंग्रज दर्यावर्दी ड्रेकचं ‘गोल्डन हाइंड’ डेप्टफर्डला कुजत पडलं होतं. त्यातल्या धड लाकडाची खुर्ची १६६२ मध्ये ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाला मिळाली.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. नेपोलियनच्या लढायांनी इंग्लंडच्या ओकचा फडशा पाडला, तेव्हा ब्रिटिश नौदलाची कितीतरी जहाजं मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या हाताखाली, मलबारच्या सागवानात उतरली. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागाच्या तेलकट लाकडात ते टिकतात. १८२१ चं ‘गँजेस’ हे त्यातलंच. ते १९३० च्या सुमारास तोडलं गेलं, पण कॅप्टनची केबिन इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर बर्ग आयलंड हॉटेलात जाऊन बसली. म्हणजे साहेब आजही तिथे मुंबईच्या लाकडाच्या सहवासात जेवतो.

त्याहून भारी किस्सा ‘फुद्रोयां’चा. अ‍ॅडमिरल नेल्सनचं हे जहाज १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर आपटून फुटलं. मालकाने रडत न बसता त्याच्या लाकडाच्या, तांब्याच्या आठवणवस्तू विकल्या आणि त्या पैशांच्या आधाराने दुसरं जुनं जहाज घेतलं: ‘ट्रिंकोमाली’, मुंबईत १८१७ मध्ये बांधलेलं. आज ते हार्टलपूलला उभं आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत सर्वांत जुनं तेच!

लाकडामागे गोष्ट आली की भाव चढतो, आणि भावामागून लबाडीचा संशय. स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या हातचं म्हणवलं जाणारं तुतीचं झाड होतं. बघ्यांच्या त्रासाला कंटाळून घरमालक पाद्र्याने ते १७५० च्या दशकात तोडलं. ते लाकूड घेणाऱ्या टॉमस शार्पने त्याच्या डब्या, पेले असं काय काय विकलं की लोक विचारू लागले, एका झाडाचं एवढं निघालंच कसं? शेवटी १७९९ मध्ये मरणशय्येवर त्याने शपथपत्र केलं: सगळं अस्सल आहे हो! (शपथेवर सांगावं लागलं, यातच काय ते आलं.) वॉटर्लूच्या रणात ज्या एल्म झाडापाशी वेलिंग्टन उभा होता, तेही बघ्यांनी ओरबाडून शेताची नासाडी केल्यावर १८१८ मध्ये तोडलं गेलं. त्याच्या खुर्च्या नामांकित फर्निचर कारागीर चिपेंडेलच्या मुलाने घडवल्या.

माझं मत विचाराल तर लाकडाची गोष्ट सांगणाऱ्या पितळी पट्टीपेक्षा खिळ्याच्या भोकावर विश्वास ठेवावा. वाडा पाडताना निघालेली तुळई बघा. वरून काळीकुट्ट, धुराने माखलेली. रंधा मारला की आतून मधासारखा रंग आणि सागाचा ओळखीचा वास. पण रंध्याआधी जाणता सुतार तिच्यावर चुंबक फिरवतो, कारण आत दडलेला एक खिळा करवतीचे दात घालवतो. जिथे आडवी कडी बसलेली असते तिथे खाच सापडते. पुण्यात केळकर संग्रहालयाने कोथरूडहून मस्तानी महालाचे अवशेष आणून तो महालच पुन्हा उभा केला. आपल्याला आजोबांच्या तुळईचं एक बाकडं पुरतं.

फक्त सुताराला आधीच बजावून ठेवा. नाहीतर तो मन लावून सगळी भोकं नि खाचा लांबीने बुजवेल, वर चकाचक पॉलिश मारेल आणि अभिमानाने म्हणेल, “बघा साहेब, जुनं लाकूड आहे असं वाटतंय तरी का?”