शिल्लक किती फेऱ्यांची?



पोकर हा केवळ नशिबाचा खेळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कोणते पान यावे हे नशीबच ठरविते, यात शंका नाही. पण हातची शिल्लक कशी वापरावी, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

स्पर्धेत आरंभी सर्वांना सारख्या चिप्स, म्हणजे चकत्या, मिळतात. होल्डेम या प्रकारात पाने वाटण्यापूर्वीच दोघांना सक्तीची रक्कम मांडावी लागते. तिला ब्लाइंड म्हणतात. तिची पाळी टेबलाभोवती फिरते. लहान ब्लाइंड १०० व मोठा २०० असेल, तर नुसते बसून राहिले तरी दर फेरीला ३०० जातात. ९,००० वाला ३० फेऱ्या तग धरील, १,५०० वाला पाचच. पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून या भागाकाराला ‘एम’ म्हणतात. १९९५ चे जागतिक विजेते डॅन हॅरिंग्टन यांनी तो आपल्या पुस्तकांतून लोकप्रिय केला.

ठराविक वेळाने ब्लाइंड वाढतात. ३०० चे ६०० झाले, की तीसच्या पंधरा फेऱ्या होतात. एकही चकती न हरता निम्मे बळ गेले! पगार तोच आणि धान्य दुप्पट महाग, हा अनुभव कामगाराला नवा नाही.

एम वीसच्या वर असेल तर चांगल्या पानांची वाट पाहता येते. दहाच्या खाली आल्यावर ‘पाहू तरी’ म्हणून डावात उतरणे परवडत नाही. पाचावर आल्यावर दोनच मार्ग उरतात : पाने टाकणे, किंवा सर्वस्व लावणे. कारण तेव्हा लहानशी बोलीही शिलकेचा मोठा हिस्सा खाते; मग माघार कसली?

हा निर्णय वेळेवर घ्यावा लागतो. आपल्या सर्वस्वाची प्रतिस्पर्ध्याला धास्ती वाटेल, तोवरच तो पाने टाकील. दोनचार चकत्याच उरल्या, तर तो हसत हसत सामना देईल. उलट, मोठ्या शिलकेवाल्याने दाब आणावा तो मधल्या खेळाडूंवर. बक्षिसाच्या आशेने ते जपून असतात. अखेरच्या घटकेला आलेल्याला धमकावून उपयोग नाही.

१९८२ साली लास वेगासला जॅक स्ट्रॉस एकाच उरलेल्या चकतीवरून जागतिक विजेते झाले, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथा गोड आहे. पण तिच्या भरवशावर शेवटच्या चकतीपर्यंत थांबू नये.

पैसे लावून खेळा, असे मी सांगत नाही. हिशेब मात्र शिकण्यासारखा आहे. संपातही निधी किती रुपयांचा, यापेक्षा तो किती दिवसांचा, हे आधी विचारावे. आणि तडजोडीला बसावे ते घरात दाणा आहे तोवर.