विश्लेषण : जंगल वाढते तशी झाडातली बुरशीही का बदलते?

बुरशी म्हणजे झाडाचा रोग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात निरोगी झाडाच्या मुळांत, पानांत आणि लाकडातही बुरशीचे अनेक प्रकार राहतात. उघड्या जमिनीवर आधी झुडपे, मग मोठे वृक्ष येतात. या क्रमाला अनुक्रमण म्हणतात. त्याबरोबर झाडांच्या आतली बुरशीही बदलत जाते.

हे कुठे पाहता येते?

अलास्कातील ‘ग्लेशियर बे’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेला ही खाडी जवळजवळ पूर्ण बर्फाने भरलेली दिसली. त्यानंतर बर्फ सुमारे १०० किलोमीटर मागे हटला. त्यामुळे आज हिमनदीलगत नुसते दगडगोटे आहेत, तर खाडीच्या मुखाशी दाट जंगल. १९१६ मध्ये विल्यम कूपर यांनी जमिनीचे ठरावीक तुकडे आखून नोंदी सुरू केल्या. तिथे साधारणपणे आधी ड्रायस ही जमिनीलगत पसरणारी वनस्पती, मग विलो आणि अल्डरची झुडपे, नंतर सिट्का स्प्रूस आणि शेवटी हेमलॉक वाढतो.

मुळांत काय बदलते?

मायकोरायझा बुरशी मुळांच्या टोकांना वेढते. ती झाडाला नत्र व स्फुरद मिळवून देते आणि बदल्यात साखर घेते. अल्डरच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. या झाडाचे बुरशी-सोबती मोजकेच, बरेचसे त्याच्यापुरतेच असतात. स्प्रूसचे मात्र असंख्य प्रकारांशी जमते. म्हणजे अल्डरच्या जागी स्प्रूस आला की मुळांतले सोबतीही बऱ्याच अंशी नवे येतात.

पानांत बुरशी येते कशी?

अनेक झाडांत कोवळे पान जवळजवळ बुरशीविनाच उमलते. आसपासच्या झाडांवरचे बीजाणू वारा-पावसाबरोबर येऊन त्यात शिरतात. म्हणून शेजार जितका जुना, तितका पुरवठा जास्त. याच किनाऱ्यावर बरेच दक्षिणेला, ओरेगॉनमध्ये डग्लस फरच्या सुईसारख्या पानांत एक बुरशी राहते. पान जिवंत असेपर्यंत ती एखाद्या पेशीपुरतीच असते, पान मरू लागले की पसरते. पानात गाठी करणाऱ्या एका चिलटाच्या अळ्या तिच्यामुळे मरतात, असे जॉर्ज कॅरोल यांच्या अभ्यासात दिसले.

लाकूड कुजवणारी बुरशी वाईटच का?

इमारती लाकडासाठी ती नुकसानकारक, पण जंगलासाठी नाही. जुन्या खोडाचा गाभा कुजून ढोल्या तयार होतात आणि त्यांत पक्षी घरटी करतात. पडलेल्या, कुजणाऱ्या ओंडक्यावर हेमलॉकची रोपे रुजतात. गाभा असा कुजायला दशके लागतात, त्यामुळे तरुण जंगलात ही बुरशी तुलनेने कमी आढळते.

याचा वृक्षलागवडीशी काय संबंध?

रोप लावले म्हणजे जुन्या जंगलातली बुरशी सोबत येतेच असे नाही. ती जवळच्या जुन्या झाडांवरून आणि मातीतून हळूहळू येते. जुने झाड तोडून त्याबदल्यात दहा रोपे लावली, तर आकडा जुळतो, पण बीजाणूंचा स्रोत जातो. पडके लाकूड उचलून जंगल ‘स्वच्छ’ केले तरी तेच होते. महाराष्ट्रातील अनेक देवरायांत वाळकी फांदीही न उचलण्याची प्रथा आहे. श्रद्धेतून आलेली ही प्रथा नकळत बुरशीचे हे जग राखून ठेवते.